पाळीचं पाणी

गिऱ्हाईक ओट्याची पायरी चढायच्या आत ते काय मागणार आणि काय लपवणार, हे मी ताडतो. सहसा चुकत नाही. आश्रुबाच्या बाबतीत चुकलो.

लढाईचे दिवस होते, दुकानात रॉकेलचा थेंब नव्हता. पौषातल्या एका सकाळी आश्रुबा पिंगळीच्या ठेसनावर उतरून चालत गावात आला. तुरुंगातून सुटलेला माणूस तंबाखू मागतो, नाहीतर कीव. यानं मोटेच्या चाकाला घालायला एरंडीचं तेल मागितलं.

"कुणाची मोट?"

"महादेवीवैनीच्या वावरातली. त्या दिवशी पाळी शिवरुद्रची होती, शेटजी. ती द्यायची राहिलीय."

विहीर आश्रुबा आणि महादेवीचा नवरा शिवरुद्र या दोघांत सामाईक. एक दिवस याचं पाणी, एक दिवस त्याचं. आश्रुबानं शिवरुद्रच्या पाळीला आपली मोट जुंपली, बोलाचाली झाली, आणि आश्रुबाच्या हातातलं खोरं शिवरुद्रच्या डोक्यात बसलं. शिवरुद्र लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्याची समाधी त्याच्याच वावराच्या कोपऱ्यात आहे. तिथून सगळे वाफे दिसतात. मालकाला बसायला जागा उत्तम.

शिवरुद्र पक्का डावखुरा. खोरं डाव्या हातात, बैलाचा कासरा डाव्या हातात. पंगतीतसुद्धा डावा पुढं यायचा. मग महादेवी लांबून डोळे वटारायची आणि हात बदलायचा.

माणिकराव पाटलांनी निवाडा दिला, "संक्रांतीपर्यंत महादेवीनं तुला माफ केलं तर राहा. न्हाईतर गाव सोड." आश्रुबा तिच्या दारात गेला. ती आतूनच म्हणाली, "पाणी मागितलंय कुणी?"

नको म्हणाली नाही, एवढंच त्यानं धरून ठेवलं.

मोटेला दोन माणसं लागतात. एक बैल हाकतो. दुसरा दारं धरतो, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवतो. भावानं आश्रुबाला बैल दिले. दारं धरायला मात्र कुणी येईना. पहिल्या दिवशी सगळं पाणी एकाच वाफ्यात तुंबलं, बांध फोडून ओढ्याला गेलं. आम्ही ओट्यावर बसून हसलो.

पुढच्या पाळीला पाणी वळलं.

ओट्यावरून वावर दिसायचं. आश्रुबा धावेवर, म्हणजे विहिरीपासच्या बैलांच्या उतारावर, पाठ वाफ्यांकडं. वाफ्यांत कुणी नाही. आणि गहू एकेका वाफ्यानं शिस्तीत भिजत चाललेला. महादेवीच बांधाआड वाकून दारं धरत असणार, असा मी हिशेब बसवला. हिशेब बसला की मला झोप चांगली लागते.

मग एका दुपारी महादेवी दुकानात आली. कापूस वेचायला निघाली होती, काखेत भाकरीचं गाठोडं. लांबवर मोटेचं चाक कुरकुरत होतं.

"आक्का, तुमी इथं. मग दारं कोण धरायलंय?"

"मला कुलूप द्या," ती म्हणाली. "त्यांचं खोरं घरात खुंटीवर असतंय. सांजच्याला धुते. दुसऱ्या दिवशी बघावं तर चिखल. ओला."

"खुंटीला कुलूप बसत न्हाई, आक्का."

ती हसली नाही. मी दुकान ओढून घेतलं आणि तिच्यासोबत निघालो.

वाफ्यांची दारं मी नीट पाहिली. ओढलेली माती प्रत्येक ठिकाणी उलट्या अंगाला पडली होती. उजव्या हातानं खोरं ओढणाऱ्याची तशी पडत नाही.

आश्रुबा धावेच्या टोकाला थांबला. मागं न बघताच त्यानं विचारलं, "भरला का?"

थोडं थांबला. मान डोलावली. बैल मागं घेतले.

"कुणाला इचारतोस रं?"

"पाळी ज्याची, त्याला."

"मागं वळून बघ की एकदा."

"न्हाई बघत, शेटजी. बघितलं आन् गेला तर?"

महादेवीनं ओल्या गव्हावर नजर फिरवली. मग तिनं गाठोडं सोडलं.

"खावा," ती आश्रुबाला म्हणाली. "उपाशी माणसाच्या हातचं पाणी मला नको."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. भाकरी हातात पडली तरी त्याचे हात मागं येईनात.

दुसरी भाकरी तिनं समाधीवर ठेवली, वर कांदा.

आम्ही तिघं विहिरीच्या काठावर बसलो. कुणी उठलं नाही, कुणी तिकडं गेलं नाही. निघताना समाधीपाशी आलो.

कांदा फोडलेला होता.

भाकरीवर ओल्या चिखलाची बोटं उमटली होती. अंगठा उजव्या अंगाला, म्हणजे हात डावा.

महादेवीनं पदर सावरला आणि डोळे वटारले.

"जेवताना तरी हात बदला."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा भाकरी ठेवली. मी मुद्दाम गेलो बघायला. अंगठा डाव्या अंगाला होता.