उपचार नसलेली शाळा

राहीलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो फ्रीजखाली होता.

खाडीकाठच्या त्या गावात मी एसटीतून उतरले. पाऊस नुसता भुरभुरत होता, आणि समोरच्या पायऱ्यांवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक फ्रीज खाली येत होता. फ्रीजला दोन पाय होते. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वजनकाटा. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी फ्रीजलाच विचारलं, शाळा कुठे आहे?

"माझ्या मागून चला," फ्रीज म्हणाला. "आधी एवढा रफिकभाईंच्या घरी पोचवतो."

फ्रीज खाली ठेवल्यावर त्यामागून एक उंच, किडकिडीत तरुण निघाला. भिजलेले केस, भुवईवर अडकलेला एक थेंब, खिशात लाल पेन. तो त्याच शाळेत गणित शिकवायचा. गावातले बाकीचे पुरुष कुवेत, दोहा, मस्कत इथे विखुरलेले. धडधाकट असा उरलेला हा एकटाच. त्यामुळे गॅसचा सिलिंडर, लोखंडी कपाट, लग्नातली बिर्याणीची देग, आजारी म्हातारी, सगळं हाच उचलायचा.

"पदवी गणिताची आहे," तो म्हणाला, "पण गावाला खांदे हवे होते."

मी हसले. हसायला नको होतं, कारण मी तिथे संशोधनाला आले होते.

मी आफरा. नर्सिंगचं एम.एस्सी. करत होते, आणि माझा विषय होता शाळकरी मुलांचा एकटेपणा. त्यातही ज्यांचे वडील आखातात आहेत त्या मुलांचा. बोर्लीच्या शाळेत मी एक साधा उपाय सुरू केला होता. मधल्या सुट्टीत एकटं बसणाऱ्या मुलाजवळ रोज कोणीतरी डबा घेऊन बसायचं आणि गप्पा मारायच्या. बस्स. राहीलच्या शाळेत मात्र काहीच करायचं नव्हतं. ही तुलनेची शाळा. इथे फक्त मधूनमधून यायचं, वजन-उंची घ्यायची, प्रश्न विचारायचे आणि निघायचं. उपाय काय आहे हे इथे कुणाला कळता कामा नये, शिक्षकांना तर नाहीच. आणि कुणाशी सलगीही करायची नाही. माझ्या मार्गदर्शक सुचिता मॅडम हे इतक्या वेळा बजावत, की मी एसटीतसुद्धा कुणाशी बोलेनाशी झाले होते.

तसं मला बोलायला होतंच कोण? अब्बा मस्कतला, अम्मीही आता तिकडेच. बोर्लीत आमचा सोनेरी फाटकाचा मोठा बंगला. खोलीखोलीत एसी, आणि प्रत्येक एसीला शिवून घेतलेला झगा. त्या सगळ्या घरात मी एकटी. कधीकधी वाटण नसतानाही मिक्सर लावायचे. बरं वाटायचं, कोणीतरी तावातावाने बोलतंय असं. अब्बांनी मस्कतच्या एका दवाखान्यात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. प्रबंध झाला की मी जायचं, बंगल्याला कुलूप, आणि एकशेएक झगे... नाही, तेवढे नव्हते. वाटायचे मात्र तेवढे.

राहीलच्या शाळेत मी गेले की तो काहीतरी कारण काढून वजनकाट्याशी यायचा.

"मॅडम, तुम्ही आमच्यावर नक्की काय करताय?"

"काहीच नाही."

"ते दिसतंय. पण किती मन लावून करताय."

मी उंचीच्या पट्टीकडे बघत राहायचे. तो जायचा, दारात एकदा वळायचा... आणि मला माहीत असायचं की तो वळणार, म्हणून मी नेमकं तेव्हाच पट्टी पुसायला घ्यायचे.

मधल्या सुट्टीत मी पाण्याच्या टाकीमागे एकटी जेवायचे. नियम म्हणजे नियम. सुपारी वाळत घालायचे दिवस आले तेव्हा एक विचित्र गोष्ट सुरू झाली. टाकीमागे मुलं येऊ लागली. दोघं-दोघं. यायची, शेजारी बसायची, डबा उघडायची. एकाने घावन पुढे केलं, एकीने मला सांगितलं की त्यांच्या बकरीला उचकी लागते. मी शास्त्रशुद्धपणे गप्प. पण पोरं चिवट होती. पुढच्या खेपेला दुसरी जोडी, पुन्हा बकरीची तब्येत. मला वाटलं, यांना वजनकाट्यावर उभं राहायचं असेल. त्या दिवसांत घरी मिक्सर लावायचा मी विसरून जात होते, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग दुसऱ्या फेरीचे आकडे आले. बोर्लीतल्या मुलांचा एकटेपणा थोडा कमी झाला होता. मी खूश. राहीलच्या शाळेतल्या मुलांचा त्याहून जास्त कमी झाला होता.

सुचिता मॅडमनी फोनवर दोन्ही आकडे मला पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाल्या, "आफरा, औषध न दिलेला पेशंट उठून नाचतोय. जाऊन बघ."

मी गेले. सहावीतली सफुरा, तीच बकरीवाली, तिला जवळ बसवून विचारलं की तुम्ही टाकीमागे का येता. तिला प्रश्नच खुळा वाटला.

"सर बोलले, त्या आपा एकट्या जेवतात, त्यांना बरं वाटत न्हाय. म्हणून पाळ्या लावल्या."

"कुणी सांगितलं मला बरं वाटत नाही?"

"दिसतं ना आपा," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "पण सर बोलले, एकदम गेलात तर त्या घाबरतील. म्हणून आधी वर्गात सराव केला. जो एकटा बसतो त्याच्याजवळ रोज जाऊन बसायचं. झियानजवळ, मेहेकजवळ. आता ते एकटे बसतच न्हायत. सराव कुणावर करायचा तेच कळत न्हाय."

मी तिथेच, उलट्या बादलीवर बसून राहिले. माझा सगळा गुप्त उपाय या लोकांनी स्वतःच शोधून काढला होता, आणि मुख्य रोगी मी होते.

राहील वर्गात फळा पुसत होता. मी त्याला सगळं सांगितलं. अभ्यास काय, नियम काय, आणि त्याने त्याचं काय केलं ते. तो खडूच्या धुळीत उभा राहून ऐकत होता. त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तुमचं वर्ष फुकट गेलं," तो हळूच म्हणाला. "मी फक्त... तुम्ही टाकीकडे तोंड करून जेवायचात. ते मला बघवेना."

"मग मुलांना का पाठवलंत? स्वतः का नाही आलात?"

त्याने पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

"मुलांचा सराव झाला होता," तो म्हणाला. "माझा झाला नव्हता."

बाहेर मुलं पाढे म्हणत होती. मीही मनातल्या मनात तोच पाढा म्हणायला लागले. नाहीतर रडले असते, आणि नर्सने सहावीच्या वर्गात रडणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. काही कारण सापडलं का? मला समोर दोन रस्ते दिसत होते. 'नाही' म्हटलं, तर उपायाचा फायदा दिसला नाही असं लिहून प्रबंध संपत होता, आणि महिनाभरात मी मस्कतला. 'हो' म्हटलं, तर ही शाळा अभ्यासातून बाद. नवी शाळा शोधायची, बातमी पोचणार नाही इतकी लांब, आणि सगळं पहिल्यापासून. मी 'हो' म्हटलं. खरं बोलायचं म्हणून म्हटलं. निदान मॅडमना तरी तसंच वाटलं.

अब्बा म्हणाले, अजून एक वर्ष त्या घरात एकटी? मी म्हटलं, नाही अब्बा, पालीला. नवी शाळा तिकडे मिळाली होती, सुधागडात. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, आणि या खेपेला मी जेवायला शाळेबाहेर जाणार होते.

राहीलला सांगायला गेले तेव्हा तो शाळेच्या दगडी गडग्यावर बसला होता. मी म्हटलं, तुमची शाळा बाद झाली.

"आम्ही बाद," तो म्हणाला. "वाईट झालं."

"आता तुमच्याशी बोलायला मला कुठला नियम आडवा येत नाही."

रविवारी मी माणगाववरून पालीला निघणार, हेही सांगितलं. मग तो म्हणाला की रविवारी त्याला माणगावला काम आहे. काय काम, ते त्याला रविवारपर्यंत सुचलं नाही.

माणगावपर्यंत तो माझ्या शेजारी बसून आला. बोलायला एवढी मोकळीक, आणि आम्ही दोघं खिडकीबाहेरची झाडं बघत होतो. म्हसळ्याच्या वळणावर त्याचा हात माझ्या हाताला लागला. त्याने काढला नाही. मीही नाही... रस्ता खराब आहे, असं आम्ही दोघंही धरून चाललो.

माणगावला पालीची गाडी लागलेली होती. मी चढले, तो खाली खिडकीशी उभा राहिला. सोमवारी त्याची शाळा होती.

"आफरा," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडम नाही. "मी माणसं उचलतो, सामान उचलतो, कुणाला कधी थांब म्हटलेलं नाही. तुला आज म्हणणार होतो. पण तुझं काम तिकडे आहे. तर... मी थांबतो. चालेल?"

"एक वर्ष आहे, राहील."

"आमच्या गावात सगळ्या बायका थांबतात," तो म्हणाला. "एखाद्या पुरुषाने थांबून बघायला काय हरकत आहे?"

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. मी म्हटलं, "चालेल." आणि मग, गाडी हलली तेव्हा, खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून, "मला तू आवडतोस," असं म्हटलं. इंजिनाने त्यातलं किती खाल्लं ठाऊक नाही, पण तो स्टँडभर खुळ्यासारखा मान हलवत राहिला.

गाडी जवळजवळ रिकामी होती. मी खिडकीला सरकून बसले आणि शेजारची जागा तशीच ठेवली. कोलाडच्या अलीकडे कंडक्टर आला.

"इथे कोणी आहे का?"

"हो," मी म्हटलं.

त्याने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "मग त्यांचंही तिकीट काढा."

मी काढलं. बाईमाणूस म्हणून माझं अर्धं, त्याचं पूर्ण.