आत बसलेली

दवाखान्याची ती खोली ड्रायव्हरबाईला पहिल्याच दिवशी आवडली. मागे रेलणारी खुर्ची, राखाडी पांघरूण, रक्तदाबाच्या यंत्राची बारीक टिकटिक. बसचं स्टिअरिंग सुटून बराच काळ लोटला होता. नैराश्यावरच्या गोळ्या बदलून झाल्या, डॉक्टर बदलून झाले, तरी सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकणंसुद्धा तिच्या जिवावर यायचं. उरलं होतं ते केटामाइन.

"हे भुलीचं औषध आहे, पण आपण सलाइनमधून अगदी थोडं देतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर सुटल्यासारखं वाटेल, काहीबाही दिसेल. आम्ही इथेच आहोत. मात्र त्या दिवशी गाडी चालवायची नाही."

"तसंही कोण देतंय चालवायला," ती म्हणाली. सोबत आलेल्या ताईला कित्येक महिन्यांनी हसू फुटलं.

औषध चढलं तशी ती खाली खाली गेली आणि तशाच एका खोलीत पोहोचली. तिथे खिडकी नव्हती. खुर्चीत एक बाई पाठमोरी बसली होती. अंगात ड्रायव्हरबाईचाच गाउन, दिवसचे दिवस लोळून चुरगळलेला.

"आलीस? बस इथे. मी निघते," ती बाई म्हणाली.

"का म्हणून?"

तेवढ्यात जाग आली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. अशी दृश्यं दिसतात, म्हणाल्या.

आणि फरक पडू लागला. तिला भूक लागली. तिने स्वतःहून केस धुतले, पडदे उघडले, शेजारणीशी पार्किंगवरून भांडलीसुद्धा. ताईला ते भांडण गाण्यासारखं गोड वाटलं. पण दर खेपेला ती आतली बाई थोडी थोडी वळत होती.

मग एकदा ती पुरती वळली. चेहरा अर्थातच ड्रायव्हरबाईचाच होता. तिने ड्रायव्हरबाईचं मनगट धरलं. हात गार होता.

"तुझं सगळं दुखणं मी सोसलं," ती म्हणाली. "आता तुझी पाळी."

ड्रायव्हरबाईला क्षणभर वाटलं, खरंच बसावं. मग तिला संताप आला.

"मीही सोसलंय. आता नाही सोसणार."

तिने हात हिसडला, बाहेर आली आणि दार ओढून कडी घातली.

डोळे उघडले तेव्हा मनगटावर पाच बोटं उमटली होती.

"रक्तदाबाच्या पट्ट्याचे वळ असतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पट्टा दुसऱ्या दंडावर होता. ते त्यांच्याच लक्षात आलं. "काही दिवस थांबू या का?"

"छोटे, पुरे आता," ताई म्हणाली. "मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण मला माझा जीव परत मिळालाय, ताई. कुणी डोळे वटारले म्हणून मी तो सोडून देणार नाही."

ती कामावर रुजू झाली. उन्हात बस वळवताना खिडकीतून कोपर बाहेर काढून शीळ घालायची.

पुढच्या खेपेला ती ताईबरोबर बाहेरच्या बाकावर बसली होती. आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. केटामाइन घ्यायची त्यांची पहिलीच वेळ होती. तिला पाहून ते थबकले.

"पोहोचलात का नीट?" त्यांनी विचारलं.

"कुठून?"

"तुम्हीच दार ठोठावत होतात ना? बाहेरून कडी होती. मी काढली."

त्यांचा मुलगा ओशाळला आणि त्यांना धरून घेऊन गेला. ताईने तिचा हात घट्ट पकडला.

एवढ्यात नर्स सलाइनची नळी घेऊन आली आणि गोंधळून उभी राहिली.

"अहो, तुम्ही परत बाहेर कशा? आत्ताच तर तुम्हाला खुर्चीत बसवलं."

ताई पांढरीफटक पडली. ड्रायव्हरबाईने आपला हात हलकेच सोडवला, बाही वर सारली आणि दाराकडे निघाली.

"उठवते तिला," ती म्हणाली.

"छोटे," ताईने मागून हाक मारली.

ड्रायव्हरबाईने तोंड उघडायच्या आधीच खोलीतून तिच्याच आवाजात "ओ" आली.