बाहीतला साप

घाबरली की झबीबाची जीभ आतच राहायची. नवारानं हे मोजून पाहिलं होतं. स्वस्थ असली की मिनिटाला वीसेक वेळा बाहेर, घाबरली की शून्य. मग अंग चपटं करायचं आणि फुसफुसायचं.

झबीबा म्हणजे मनुका. या सापाचा रंग तसाच, आणि विष मुळीच नाही. थंडी पडल्यापासून नवारा तिला माणसाळवत होती. पहिले चार दिवस ती भट्टीशेजारच्या खोक्यात हात ठेवून नुसती बसून राहिली. मग पोटाखालून बोटं सरकवू लागली. वरून कधीच पकडलं नाही, कारण वरून झडप घालते ती घार. नवव्या दिवशी झबीबा आपणहून मनगटावर चढली.

आणि गुरुवारी संध्याकाळी पुन्हा शून्य! पुढच्या गुरुवारीही तेच. आता पाच आठवडे तिनं काही खाल्लं नव्हतं आणि तिचा कणा बोटांना लागत होता. हिवाळा संपेपर्यंत ती जगेल का, हे नवारा कुणाला विचारत नव्हती.

सुट्टीसाठी आलेला चुलतभाऊ हम्माम म्हणाला, रुसली असेल, शिजवलेले वाल घालून बघ. त्याची बहीण बसीमा म्हणाली, तूच खा आणि गप्प बस. नवारानं साप नाकाशी धरला. सापाच्या अंगाला बाबांच्या हुक्क्याच्या तंबाखूचा वास येत होता.

बाबा, म्हणजे अब्द-रब्बो, गावाचे सापवाले. घरात साप शिरला की लोक त्यांना पैसे देऊन बोलावत. ते मोठ्यानं शपथ घालत, “माझ्या आजोबांनी सापांशी केलेल्या करारानं सांगतो, बाहेर ये!” आणि साप हातात येई. शपथेवर आलेल्या सापाला त्रास द्यायचा नाही, हा घराण्याचा नियम होता.

“या थंडीत साप बिळातून निघत नाहीत,” नवारा हळूच म्हणाली. “मग बाबांना दर गुरुवारी कुठून मिळतो?”

हम्मामची थट्टा तिथंच थांबली. बसीमानं नवाराचा हात धरला.

पुढच्या गुरुवारी बाबा चहा पीत असताना तिघांनी त्यांच्या खुंटीवरच्या पिशवीतून, त्यांनी आधीच भरून ठेवलेल्या झबीबाला काढलं आणि सायकलच्या ट्यूबचा वाळू भरलेला तुकडा आत ठेवला. बाबांनी पिशवी तशीच बाहीत सरकवली आणि उम्म रिदाच्या, म्हणजे रिदाच्या आईच्या घरी गेले. तिची कोंबडीची पिल्लं नाहीशी झाली होती. काही दिवसांपूर्वी बाबांनी दारातूनच हुंगून साप असल्याचं सांगितलं, तेव्हापासून ती दोन लेकरांना घेऊन थंडीत अंगणात झोपत होती.

बाबांनी तीनदा शपथ घातली. कपाटामागच्या भोकात हात घातला आणि झटक्यात बाहेर ओढला. हातात ट्यूब लोंबत होती आणि तिच्यातून वाळू गळत होती.

“याला पंक्चर झालंय,” जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं. एकजण हसला, पण बाकी कुणी हसेना म्हणून तोही थांबला.

मागोमाग आलेली नवारा पुढे झाली. झबीबा मनगटावर होती. अनोळखी माणसांतही तिची जीभ हलत होती. बाबांनी नकळत हात पुढे केला. त्यांचा वास येताच झबीबा आखडली आणि नवाराच्या शालीत शिरली.

“एवढी भिते मला?” बाबांनी विचारलं.

“तुम्हालाच भिते,” नवारा म्हणाली.

उम्म रिदानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरीनं खरं काय ते दाखवलं, अब्द-रब्बो. तुझ्याच्यानं झालं नसतं.”

बाबांनी ट्यूब खाली ठेवली. दोन वर्षं ते रोज मनात हा खोटेपणा सोडायचं ठरवत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

“रिदाची आई,” ते म्हणाले, “पोरांना आत झोपव. तुझ्या घरात साप नाही, नव्हताच कधी. आणि आजपासून मी कुणाच्याच घरात शपथ घालणार नाही.”