पूजेतली पक्कड

खंडेनवमीच्या सकाळी कस्तुरीनं अवजारांची पेटी उघडली आणि तिला एक कोडं सापडलं. लाल फडक्यात गुंडाळलेली, दरवर्षी पूजेचा पहिला मान घेणारी पणजोबांची पक्कड गंजून तपकिरी झाली होती. तिचे जबडे उघडेनात. आणि पेटीच्या तळाशी, तेल सांडलेल्या कोपऱ्यात एक पाना लोळत होता. त्याला आजवर कोणी कुंकवाचं बोटही लावलं नव्हतं. तो मात्र लख्ख.

"अप्पा, देवाला पाना जास्त आवडतो का?" तिनं आजोबांना विचारलं.

अप्पा धातुशास्त्रज्ञ होते. गंज या विषयावर त्यांनी इतकं लिहिलं होतं की, ते सगळं वाचण्यापेक्षा लोखंडानं गंजणं पसंत केलं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि यंदाच्या हवेला दोष दिला.

तेवढ्यात दारात भंगारराव येऊन उभा राहिला. त्या काळात डोंगर खणून नवं लोखंड काढणं बंद झालं होतं. जुनंच वितळवून पुन्हा वापरत. त्यासाठी हा यंत्रमानव घरोघर फिरे. त्याचं खरं नाव लांबलचक आकड्यांचं होतं, म्हणून पोरांनी त्याचं बारसं नव्यानं केलं होतं. त्यानं आपला कॅमेऱ्याचा डोळा पक्कडीवरून फिरवला.

"सदर वस्तू गंजग्रस्त असून भट्टीस पात्र आहे," तो म्हणाला आणि बदल्यात एक नवी, आरशासारखी चकचकीत पक्कड टेबलावर ठेवली.

कस्तुरीनं जुनी पक्कड पाठीमागे लपवली. तिच्या दांड्यावर पणजोबांनी स्वतः ठोकलेली त्यांच्या नावाची अक्षरं होती. पणजोबांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ही अक्षरं मात्र दर खंडेनवमीला बोटांनी वाचली होती. पक्कड वितळल्यावर अक्षरं कुठे जातात, असं तिनं विचारलं. भंगाररावाच्या नियमावलीत अक्षरांसाठी रकाना नव्हता. संध्याकाळपर्यंत पक्कड कामाची असल्याचं सिद्ध करा, एवढी मुदत देऊन तो अंगणात जाऊन उभा राहिला. यंत्रमानवाला चहा विचारावा की नाही, यावर घरात थोडी चर्चा झाली.

कस्तुरी कोड्याकडे वळली. पक्कडीला असं काय मिळालं, जे पान्याला मिळालं नाही? तिनं आठवून पाहिलं. अप्पा दरवर्षी पूजेची अवजारं धूत, फुलानं पाणी शिंपडत, ओलं हळदकुंकू लावत, झेंडू वाहत आणि मग पक्कड भक्तिभावानं फडक्यात गुंडाळून वर्षभरासाठी ठेवून देत. पुसत मात्र कधीच नसत. देवाचं पाणी कसं पुसायचं?

"अप्पा, गंजायला काय काय लागतं?"

"लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी. तिघं एकत्र आले की लोखंडाचं ऑक्साइड (लोखंड आणि प्राणवायू यांचं संयुग) तयार होतं. तोच गं..." अप्पा मध्येच थांबले. त्यांनी फडक्याकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं मी गंजाचीच पूजा करत होतो तर."

पान्याला तेलानं वाचवलं होतं. तेलाच्या थरामुळे पाणी आणि हवा त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

अप्पा एकदम तरतरीत झाले. अंगणात प्लास्टिकचा टब आला. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवला, म्हणजे त्यातून वीज नीट वाहते. एका बाजूला जुना लोखंडी पत्रा बुडवला. स्टेनलेस स्टील इथे अजिबात चालत नाही, त्यातून विषारी द्रव्यं पाण्यात उतरतात. पत्र्याला बॅटरी चार्जरचं धन टोक जोडलं आणि पक्कडीला ऋण.

"उलट जोडलं तर?" कस्तुरीनं विचारलं.

तर पत्र्याऐवजी पक्कडच झिजेल, असं अप्पांनी सांगितलं. कस्तुरीनं चार्जरच्या तारांचे चिमटे पुन्हा एकदा तपासले. अप्पांनी लावलेलेही.

वीज सुरू झाली आणि पक्कडीवर बारीक बुडबुडे फुटू लागले. याला विद्युत अपघटन (विजेच्या साह्यानं पदार्थ सुटे करणं) म्हणतात. ऋण टोकाकडून इलेक्ट्रॉन (विजेचे अतिसूक्ष्म कण) गंजाला मिळतात. मग लोखंडाची प्राणवायूवरची पकड सुटू लागते आणि गंज काळा, भुसभुशीत होतो. बुडबुडे हायड्रोजनचे. तो चटकन पेटतो, म्हणून हे काम उघड्यावर आणि मोठ्या माणसासमोरच करायचं. मोठं माणूस म्हणून अप्पांनी स्वतःची नेमणूक केली आणि खुर्ची घेतली.

दुपार कलल्यावर वीज बंद केली. तारेच्या ब्रशनं घासताच काळा थर निघाला आणि खालून करडं पोलाद दिसलं. सांध्याच्या आत मात्र वीज नीट पोचली नव्हती. कस्तुरीनं पक्कड खडखडीत कोरडी केली, सांध्यात तेल सोडलं आणि दांडे हलवत राहिली. आधी कुरकुर झाली. मग पक्कड उघडली.

भंगारराव पुढे आला. "सदर पक्कड करडी असून नवी अधिक चमकते."

"चमक वरच्या मुलाम्याची असते," कस्तुरी म्हणाली. "आपण आतलं बघू."

तिनं दोन्ही पक्कडी मिटून उजेडासमोर धरल्या. नवीच्या कापायच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसली. जुनीच्या धारा एकमेकींना भिडल्या होत्या. तिनं हलवून पाहिलं. नवीचा सांधा डुगडुगला. मग धारेवर कानस फिरवली. जुनीवर ती निसटली, कारण धार कडक होती. नवीवर ती रुतली. शेवटी दोन्हींनी कुंपणाची तार कापली. जुनीनं ती कटकन तोडली. नवीनंही तोडली, पण तिच्या धारेला तारेच्या आकाराची खाच पडली.

भंगाररावानं आपल्याच चकचकीत कोपराकडे पाहिलं.

"बघू का कानस लावून?" कस्तुरीनं प्रेमानं विचारलं.

"नको," तो म्हणाला. दिवसभरात प्रथमच त्याच्या वाक्यात 'सदर' नव्हतं. त्यानं नवी पक्कड आपल्या पोत्यात टाकली आणि वस्तूची चमक बघण्याआधी ती वापरून बघावी, असा नियम वरच्या कचेरीला सुचवायचं कबूल केलं.

पूजा संध्याकाळी झाली. कुंकू पेटीच्या लाकडाला लागलं, झेंडू बाजूला बसला आणि पक्कडीला तेलाचं बोट मिळालं. कोरड्या फडक्यात ठेवण्याआधी कस्तुरीनं पणजोबांची अक्षरं एकदा बोटांनी वाचली.

आकाशात मंगळ तांबूस दिसत होता. त्याचा तो रंगही धुळीतल्या लोखंडाच्या गंजाचाच, असं अप्पा म्हणाले.

"म्हणजे तिथेही पूर्वी पाणी असेल?"

"खुणा तरी तशा सांगतात."

कस्तुरीनं थोडा विचार केला. "मी जाईन तेव्हा शोधते," ती म्हणाली, "पण पक्कड मात्र पुसून नेते."