पाण्यालाही ताप

समुद्राच्या तळाशी बांधलेल्या नीलतळ केंद्रात एका तंत्रज्ञाला विषाणूचा ताप आला. त्याला वर नेलं, पण नंतर पाणबुडी येईना. सगळ्यांची तपासणी होईपर्यंत कुणीही वर यायचं नाही, असा निरोप आला.

तपासणी अकरा वर्षांच्या शाल्मलीची आत्या, डॉ. वसुमती करत होती. काचेच्या पट्टीत केसाहून बारीक नळ्या कोरलेल्या होत्या. त्यांत रक्ताचा थेंब आणि चुंबकाने ओढले जाणारे काळे सूक्ष्मकण सोडायचे. कणांनी विषाणू धरला, तर तिथे हिरवा उजेड दिसे.

आधी बाबांची पट्टी हिरवी झाली. मग स्वयंपाकी याकूबचाचांची. मग एकेक करत सगळ्यांची. कुणाला साधी शिंक नव्हती, तरी जो तो दार लावून बसला. शेवटी शाल्मलीचीही पट्टी उजळली. आपल्या अंगात काहीतरी शिरून गप्प बसलंय, असं तिला वाटू लागलं.

तिने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. काळे कण एकमेकांना चिकटून गोमेसारखे वळत होते. चुंबक दूर केला तरी सुटेनात.

"आत्या, नुसतं पाणी घालून बघ ना," ती हळूच म्हणाली.

आत्याने निर्जंतुक मिठाचं पाणी सोडलं. थोड्या वेळाने तेही हिरवं झालं. ज्यात जीवच नाही, त्याला ताप कसा येईल?

"पाण्याला काही झालेलं नाही," आत्या म्हणाली. "कणांचं कातडं गेलंय."

मग तिने समजावून सांगितलं. प्रत्येक कणावर पॉलिमरचा (छोटे रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा) लेप असतो. या साखळ्या ब्रशच्या केसांसारख्या उभ्या राहतात. त्यामुळे कण एकमेकांना भिडत नाहीत आणि भलतंसलतं काही त्यांना चिकटत नाही. साखळ्यांच्या टोकांवर प्रतिपिंडं (ठरावीक विषाणूलाच धरणारी प्रथिनं) बसवतात. त्यांनी विषाणू धरला, की नंतर सोडलेला चमकणारा हिरवा रंग त्या विषाणूवर बसतो. पण साठवणीचं कपाट तापल्यामुळे लेप निघून गेला होता. आता उघड्या कणांवर तो रंग थेट चिकटत होता, विषाणू असो वा नसो.

आत्याने कण धुतले, पॉलिमरच्या द्रावणात घोळवले आणि त्यांवर नवी प्रतिपिंडं जोडली. शाल्मलीने सगळ्यात आधी पाणी तपासलं. पट्टी काळीच राहिली. बाबांची काळी, याकूबचाचांची काळी, तिची स्वतःचीही. एकेक दार उघडू लागलं.

सगळ्यांच्या शेवटी आत्याने आपला थेंब सोडला. काळोखात एक बारीक हिरवा ठिपका उमटला. पुन्हा तपासलं, तरी तो तिथेच होता.

शाल्मलीचे डोळे भरून आले. आत्या दोन पावलं मागे सरकली.

"रडू नकोस. मघाशी हा ठिपका सगळ्यांच्या उजेडात हरवला असता. आता लवकर सापडलाय, औषध लागू पडेल."

पाणबुडी आली. आत्या तिच्यातल्या वेगळ्या कक्षात बसली आणि काचेपलीकडून ध्वनियंत्रावर बोलू लागली. उष्णतेतही टिकेल असा लेप कशाचा करता येईल, हे ती शाल्मलीला विचारत होती. शाल्मली काचेला कपाळ टेकून विचार करत राहिली, आणि पाणबुडी वर निघाली.