भैरवीच्या नावाची नळी

"माझी पोट्टी कोणामुळं गेली, एवढंच मले सांगा," प्रीती म्हणाली आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिला रडू फुटलं.

सदर भागातल्या त्या लहानशा ऑफिसात कामिनी रामटेके खासगी तपासाची कामं घ्यायची. तिचा सहकारी ऋषिकेश पाणी आणायला धावला. कोणी रडलं की बिचाऱ्याला दुसरं काही सुचतच नसे.

प्रीतीची भैरवी पाच वर्षांची. रक्ताचा कर्करोग उपचारांनी आटोक्यात आला होता. मग उमरेडच्या घरून तपासणीसाठी रक्त नेलं आणि निरोप आला, रोगाची एकही पेशी नाही. गल्लीभर पेढे वाटले. रोग मात्र आत वाढतच होता. कळलं तेव्हा उशीर झाला होता. भैरवी गेली.

"लॅबवाल्यायनं नळी बदलली. त्याईले मी जेलात धाडीन." नवरा आधीच गेलेला, प्रीती वडिलांकडे राहायची. रक्त नेलं तेव्हा ती कामावर होती.

लॅबमधल्या श्वेताचे डोळे सुजले होते. नोकरी जाणार हे तिला ठाऊक होतं.

"त्या दिवशी मशीनवर हा एकच नमुना होता, मॅडम. बदलू कशाशी? तक्रार आल्यावर, गोठवून ठेवलेलं उरलेलं रक्त मी पुन्हा तपासलं. प्रत्येक पेशीच्या अंगावर खुणा असतात, त्यावरून ती कोण ते कळतं. आधी फक्त रोगाच्या खुणा शोधल्या होत्या, या वेळी सगळ्या पाहिल्या. रोग नाहीच. उलट रोगाशी लढणाऱ्या टी पेशींवर सीडी सत्तावन्न ही खूण भरपूर आहे."

"म्हणजे?" ऋषिकेशने विचारलं.

"लढून लढून थकलेल्या पेशींची खूण."

"आजाराशी किती लढली असेल पोर," तो हळहळला. कामिनीनं त्या खुणेचं नाव वहीत लिहून घेतलं.

रक्त काढणारा विक्की जमिनीकडे बघून बोलत होता. "पोट्टीची शीर भेटूनच नाही राहिली, मॅडम. दोनदा टोचलं, लय रडली. मंग एक भेटली, मस्त जाड. झटक्यात नळी भरली."

उमरेडला प्रीतीचे वडील देवराव बंद हातमागाशेजारी बसले होते. प्रीती दाराशी उभी होती.

"उपचारांच्या वेळी भैरवीला रक्त कोणी दिलं होतं, काका?"

"मीच. घरात माझंच जुळलं. दवाखान्यात म्हनत, नातीचं अन् आजोबाचं रक्त एकच हाये." सांगताना म्हातारा जरा ताठ बसला.

कामिनीचा चेहरा उतरला. "प्रीतीताई, तुम्ही बसा आधी."

प्रीती बसली.

"नळी लॅबमध्ये बदलली नाही. त्या दिवशी तिथं दुसरा नमुनाच नव्हता. आणि उपचारांनी सुकलेल्या पाच वर्षांच्या हाताला जाड शीर कुठून येणार? राहिली सीडी सत्तावन्न. लहान मुलांत ती खूण फार थोड्या पेशींवर असते. जन्मभर दुखणी सोसलेल्या वयस्कर माणसात भरपूर असते. ताई, ते रक्त भैरवीचं नव्हतंच."

"मग कोणाचं?" ऋषिकेश म्हणाला आणि मग त्यानं देवरावांकडे पाहिलं.

"माझं," देवराव म्हणाले. "दोनदा टोचलं तं पोट्टी 'नको आबाजी, नको' करे. मले वाटलं, रक्त एकच हाये, तं माझं घेतलं काय अन् तिचं काय. विक्की नाही म्हने. मीच त्याच्या पाया पडलो." ते थांबले. "मंग तपासनीत माझंच रक्त दिसलं काय? तिचं नाही?"

"नाही, काका."

"बाप्पा! मंग हे मीच केलं?"

"काहून, बाबा? काहून?" प्रीती दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारत सुटली. ऋषिकेश पुढे झाला, कामिनीनं त्याला धरलं. म्हातारा मार खात राहिला. शेवटी प्रीतीच थकली आणि तिथंच, त्यांच्या पायाशी खाली बसली.

"मी तुमाले माफ नाही करू शकत, बाबा," ती म्हणाली. "पन तिच्यासाठी रडाले तुमच्याशिवाय मले दुसरं कोनी नाही."