डाव्या चाकाचा आवाज

तबस्सुमच्या गॅरेजात आता ग्रीसचा वास येत नसे. मिरजेतल्या बहुतेक गाड्या विजेवर आल्यापासून तिथं दवाखान्यासारखी स्वच्छता असायची, आणि त्या स्वच्छतेत मेधाताईंची जुनी पेट्रोल गाडी लग्नघरात झिजलेल्या चपला घालून आलेल्या पाहुण्यासारखी अवघडून उभी होती.

तबस्सुमने गाडीच्या पोटाला बोटभर रुंदीची नाडीपट्टी चिकटवली. ही पट्टी आल्यापासून ‘इतके किलोमीटर झाले, हे बदला; वर्ष झालं, ते बदला’ हा जुना खाक्या संपला होता. गाडीची थरथर न् थरथर ऐकून कुठला भाग खरोखर थकलाय आणि कुठला नुसताच कुरकुरतोय, हे पट्टी वेगळं काढून सांगायची. म्हाताऱ्या माणसांसाठी अशी एखादी पट्टी कुणी का काढत नाही, असं मेधाताईंना वाटून गेलं.

“काकू, मागच्या दाराचा खडखडाट, डॅशबोर्डाची किरकिर, सीटचा आवाज, सगळं राहू द्या. त्यानं काही बिघडत नाही,” तबस्सुम पडद्याकडे बघत म्हणाली. मेधाताईंचा जीव भांड्यात पडला. पण तिचं संपलं नव्हतं. “पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक मात्र आजच बदलायला लागतोय. थांबताना किंचाळतो का?”

“किंचाळतो,” मेधाताई म्हणाल्या.

त्या किंचाळण्यावर तर त्यांचा संसार चालला होता. त्यांचे यजमान अच्युतराव वीज मंडळात अभियंते होते; ट्रान्सफॉर्मरच्या नुसत्या गुणगुणण्यावरून बिघाड ओळखणारा माणूस. काही वर्षांपूर्वी त्यांची आठवण विरायला लागली. मुलाचं नाव गेलं, देवघर कुठल्या खोलीत ते गेलं. राहिली ती ही गाडी. रोज संध्याकाळी मेधाताई त्यांना कृष्णेच्या पुलापर्यंत फिरवून आणायच्या. परतताना घराच्या फाटकाशी डावं चाक किंचाळलं, की “आलं घर” म्हणत अच्युतराव आपणहून उतरायचे. मुलाच्या नव्या, निःशब्द गाडीतून मात्र ते उतरलेच नव्हते. “परक्याच्या दारात कशाला उतरू?” म्हणत अंधार पडेपर्यंत आत बसून राहिले होते.

“आवाज ठेवून ब्रेक दुरुस्त होत नाही का गं?”

“नाही ओ काकू. आवाज म्हणजेच बिघाड आहे तो. आतली पिन गंजून अडकलीय. चिकट गंज दिसतोय बघा, वर्षानुवर्षं याच चाकावर काहीतरी गोड-खारट पडत आलंय.”

मेधाताईंना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दर दसऱ्याला अच्युतराव याच चाकाशी नारळ फोडत, पाणी सगळं चाकावर ओतत. वर पूजेची गाडी दिवाळीपर्यंत धुवायची नाही, हा त्यांचा दंडक. चाकाला मुंग्या लागायच्या. “बाबा, गाडी प्रसाद खातेय,” म्हणून मुलगा चिडवायचा. फार सुखाचे दिवस होते ते. पुढे चाक किंचाळायला लागलं, तेव्हा अच्युतराव दरवर्षी तेच सांगत, “पुढच्या दसऱ्याला बघू.”

“बदल,” मेधाताई अखेर म्हणाल्या. “गाडीत तेही बसतात.”

काम चालू असताना मेधाताईंनी तबस्सुमला त्या आवाजाचं सगळं सांगितलं. ब्रेक बसवून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “पट्टीनं जुना आवाज टिपून घेतलाय, काकू. फाटकाशी आलात की गाडीच्या स्पीकरमधून वाजंल. अगदी हुबेहूब.”

मेधाताईंना ती फसवणूक वाटली. पण दुसरा इलाज सुचेना, म्हणून त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी पुलावरून दोघं परतली. गाडी फाटकाशी अलगद थांबली आणि स्पीकर किंचाळला. अच्युतरावांचा हात दाराच्या कडीकडे गेला, आणि मध्येच थांबला. त्यांनी मान कलती केली. पूर्वी ट्रान्सफॉर्मरखाली उभे राहून अशीच करायचे.

“हा आवाज समोरून आला,” ते म्हणाले. “चाकातून नाही. ब्रेक बदललास का, मेधा?”

स्वतःचं नाव त्यांच्या तोंडून ऐकायची सवयच मेधाताईंची मोडली होती. “बदलला,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“बरं केलंस. मीच टाळत होतो.” अच्युतराव बराच वेळ काचेतून फाटकाकडे बघत राहिले. मघाची ओळख चेहऱ्यावरून हळूहळू ओसरत होती, आणि ते त्यांनाही कळत असावं. “पण मग घर आलं, हे मला कळायचं कसं?”

मेधाताईंनी स्पीकर बंद केला आणि त्यांचा हात हातात घेतला.

“मी सांगत जाईन.”

“रोज?”